क्राफर्ड मार्केटच्या वाटा

बाजार बांधणें हें पैशाचें काम आहे. बाजाराला वाट देणें हें दूरदृष्टीचें काम आहे. पहिलें काम थोड्या वर्षांत पुरें होतें, दुसरें दीडशें वर्षांतहि पुरें होत नाहीं. मुंबईच्या क्राफर्ड मार्केटचा इतिहास याची साक्ष देतो.

अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत, म्हणजे १८६१ ते १८६५ पर्यंत, कापसाच्या व्यापारानें मुंबईंत पैशाचा पूर आला, आणि त्याबरोबर माणसांचाहि. १८६४ च्या खानेसुमारींत शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. याच दशकांत सर बार्टल फ्रियर यांच्या कारकीर्दींत किल्ल्याचे तट पाडण्यांत आले. १८६५ सालीं आर्थर क्राफर्ड हे शहराचे पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. भाजी, फळें व मांस यांची विक्री एका स्वच्छ छपराखालीं व्हावी असा त्यांचा आग्रह होता. विल्यम एमर्सन यांच्या आराखड्याप्रमाणें १८६९ सालीं इमारत उभी राहिली. प्रवेशद्वारावरील शिल्पपट्ट लॉकवुड किपलिंग यांचे. क्राफर्ड यांच्या सढळ खर्चानें म्युनिसिपालिटी कर्जांत बुडाली व १८७१ सालीं करदात्यांची मोठी चळवळ झाली. त्यांना जावें लागलें. बाजार मात्र राहिला.

जागा मोठी मोक्याची होती. दक्षिणेस कोट, उत्तरेस दाट देशी वस्ती, पूर्वेस बंदर. तिन्हीकडच्या वाटा बाजाराच्या दाराशीं मिळत. गिऱ्हाइकाला याहून सोईचें स्थान कोणतें? पण पुढील संकटाचें बीज या सोईंतच होतें. ज्याला बाजारांत जावयाचें नाहीं, केवळ कोटांतून गांवांत किंवा गांवांतून कोटांत जावयाचें आहे, त्यालाहि हाच रस्ता. ९ मे १८७४ रोजीं घोड्यांची ट्राम सुरू झाली, तेव्हां कुलाब्याहून पायधुणीस जाणारी वाटहि क्राफर्ड मार्केटवरूनच नेली गेली. जवळच बोरीबंदरचें भव्य रेल्वे स्टेशन उभें राहिलें, आणि आगगाडीचे उतारूहि या गर्दींत मिळाले.

गर्दीचें खरें कारण माणसांची संख्या हें नव्हे. पिशवी घेऊन आलेली गृहिणी रस्त्याचा हातभरहि भाग अडवीत नाहीं. अडविते ती घाऊक मालाची उभी गाडी. माल उतरेपर्यंत ती कडेला थांबते; तिच्यामागें दुसरी थांबते; अर्धा रस्ता तेथेंच संपतो. मग हातगाडी मध्यावर येते, डोक्यावर पाटी घेतलेला हमाल तिला वळसा घालतो, आणि मागून येणारें प्रत्येक वाहन हमालाच्या पावलानें चालूं लागतें.

१८९६ सालीं प्लेग आला, आणि दाट वस्तींत वारा खेळविण्यासाठीं रुंद रस्ते हवेत हें सर्वांस पटलें. १८९८ सालीं इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानें प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते वस्तींतून काढले. त्यांपायीं कित्येक कुटुंबांचीं राहतीं घरें पडलीं, हेंहि विसरून चालणार नाहीं. पुढें बाजारापासून थेट उत्तरेस जाणारा महंमद अली रोड झाला. परंतु रस्ता रुंद होतांच वाहनेंहि वाढलीं, आणि मालाच्या गाड्या पूर्वींप्रमाणेंच दाराशीं उभ्या राहिल्या.

मुळावर घाव पुष्कळ उशिरां पडला. घाऊक व्यापार वाशीस हलविण्याचें ठरलें; १९८१ सालीं कांदा-बटाट्याचा बाजार गेला, १९९६ सालीं भाजी व फळें गेलीं. गाड्यांचा मोठा भार उतरला खरा. पण ज्याचें पोट बाजाराच्या दारावर होतें त्या हमालाला खाडीपलीकडे जाणें भाग पडलें. शिवाय शेजारच्या मंगलदास मार्केटचें कापड आणि अब्दुल रहमान स्ट्रीटचा किरकोळ माल होता तेथेंच राहिला.

२००२ सालीं जे. जे. रुग्णालयाकडे जाणारा सुमारें २.४ किलोमीटर लांबीचा उड्डाणपूल खुला झाला. वरून जाणाऱ्याची तासाची वाट मिनिटांवर आली. खालीं ज्याचें काम आहे त्याला मात्र नवा रस्ता मिळाला नाहीं. उलट, बंदराच्या बाजूचा जुना कर्नाक पूल, जो बाजाराच्या जन्माच्या आदल्याच वर्षीं, १८६८ सालीं, बांधला गेला होता, तो जीर्ण होऊन नोव्हेंबर २०२२ मध्यें पाडावा लागला. त्या जागीं नवा पूल जुलै २०२५ मध्यें सुरू झाला. मधल्या अडीच वर्षांहून अधिक काळ पूर्वेची ती वाट बंद होती.

या साऱ्या इतिहासाचें सार एवढेंच कीं, बाजारावरून जाण्याची वाट आणि बाजारापर्यंत पोहोंचण्याची वाट या दोन निरनिराळ्या वस्तु आहेत. शहरानें पहिलीसाठीं पूल उभारले आणि घरें पाडलीं. दुसरीसाठीं हवी असते ती माल उतरण्याची ठरलेली जागा, ठरलेली वेळ आणि पायीं येणाऱ्याला मोकळी पायवाट. या गोष्टींना खर्च थोडा लागतो, पण रोजची शिस्त लागते. म्हणूनच त्या मागें पडतात. नवीन वस्तींत बाजार बांधतांना जे नगरपिते प्रथम नकाशावर दुकानें आंखतात आणि मागाहून रस्त्याचा विचार करतात, त्यांनीं क्राफर्ड मार्केटच्या दाराशीं सकाळचा एक तास उभें राहून पाहावें.