शाळेच्या कारभारात पालकांचा वाटा : समितीची निवडणूक, अधिकार आणि मर्यादा

तारकर्ली म्हटले की पांढरी वाळू, नितळ पाणी आणि स्कूबा डायव्हिंग एवढेच पर्यटकांना आठवते. मालवणच्या दक्षिणेला सहा-सात किलोमीटरवर, एका बाजूला अरबी समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशा चिंचोळ्या पट्टीवर हे गाव वसले आहे. सिंधुदुर्ग १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. त्यानंतर रापणीवर आणि माडाच्या बागांवर जगणाऱ्या या किनाऱ्यावर निवास-न्याहारीची घरे, खाणावळी आणि नौकाविहाराचे व्यवसाय उभे राहिले. अशा गावातील एखाद्या खाणावळीच्या मालकाला किंवा घरगुती निवास चालविणाऱ्या गृहिणीला आपल्या मुलाच्या शाळेच्या कारभारात उतरावेसे वाटले, तर कायद्याने कोणता मार्ग आहे? अमेरिकेतील सुमारे १३ हजार शालेय जिल्ह्यांपैकी बहुतेक ठिकाणी नागरिक थेट मतदानाने शाळा मंडळ निवडतात आणि त्यासाठी प्रचारही रंगतो. महाराष्ट्रात तशी थेट निवडणूक नाही. येथे पालकांसाठी जे दार आहे, त्याचे नाव शाळा व्यवस्थापन समिती.

मंडळाकडून समितीकडे

शाळा मंडळ ही कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा १९४७ नुसार जिल्हा आणि नगरपालिका पातळीवर शिक्षण मंडळे होती. परंतु त्यांचे सदस्य पालक निवडत नसत. नगरपालिका मंडळांवर नगरसेवकांनी निवडलेले सदस्य जात आणि त्या निवडीवर पक्षीय बळाची छाप पडे. जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा १९६१ लागू झाल्यावर ग्रामीण भागातील प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेकडे आल्या. तेव्हा तारकर्ली रत्नागिरी जिल्ह्यात होते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. पालिकांची शिक्षण मंडळे मोडीत काढण्याचा कायदेशीर निर्णय २०१३ मध्ये झाला आणि पुढील काही वर्षांत ती संपुष्टात आली.

दरम्यान गावपातळीवर ग्राम शिक्षण समित्या होत्या. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क कायदा २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला आणि चित्र पालटले. या कायद्याच्या कलम २१ ने प्रत्येक शासकीय, स्थानिक प्राधिकरणाच्या आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांत मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर या समितीचे काम केवळ सल्ला देण्याचे राहिले.

समितीवर कोण बसते?

समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे पालक असावे लागतात. एकूण सदस्यांत निम्म्या महिला हव्यात. वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान द्यावे लागते. उरलेल्या जागांवर स्थानिक प्राधिकरणाचे निवडून आलेले प्रतिनिधी, शिक्षक आणि शिक्षणाची जाण असलेली स्थानिक व्यक्ती असतात. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालक सदस्यांमधूनच निवडले जातात. मुख्याध्यापक सचिव म्हणून काम पाहतात. समितीची मुदत दोन वर्षांची असते.

निवड पालकसभेत होते. येथे ना पक्षाचे चिन्ह, ना अनामत रक्कम. बहुतेक ठिकाणी नावे सुचविली जातात आणि हात उंचावून किंवा एकमताने निर्णय होतो. मात्र सभेची सूचना सर्व पालकांना वेळेत मिळाली नाही, तर मोजक्या दहा-पंधरा जणांच्या उपस्थितीत ‘बिनविरोध’ निवड उरकली जाते. म्हणून समितीवर जाऊ इच्छिणाऱ्याने आणि न जाणाऱ्यानेही सर्वांत आधी पाहावयाची गोष्ट म्हणजे सभेची तारीख.

व्यावसायिक पालकाची अडचण

व्यवसाय असणे ही अपात्रता नाही. खरी अट वेगळीच आहे : मूल त्याच शाळेत शिकत असले पाहिजे. कोकणातील पेच नेमका येथे आहे. हातात चार पैसे खेळू लागले की मुलाला तालुक्याच्या गावी इंग्रजी माध्यमाच्या शाळेत घालण्याकडे कल असतो. मूल गेले की पालक या नात्याने समितीवरील जागाही जाते. हिशेब ठेवण्याची सवय असलेली, बँकेचे आणि कार्यालयांचे व्यवहार जाणणारी माणसे गावात राहतात, पण गावच्या शाळेच्या कारभारातून बाहेर पडतात. मागे उरतात ते पहाटे समुद्रावर जाणारे खलाशी, मासळी विकणाऱ्या महिला आणि रोजंदारीवरील कामगार. त्यांना भर दुपारच्या बैठकीला येण्यासाठी दिवसाची कमाई सोडावी लागते.

व्यावसायिक पालक समितीवर आला, तर दुसरा प्रश्न हितसंबंधांचा. शाळेची दुरुस्ती, रंगकाम, साहित्याची खरेदी यांचे व्यवहार समितीसमोर येतात. अध्यक्षाच्याच दुकानातून सिमेंट आले किंवा त्याच्याच नातलगाला काम मिळाले, तर व्यवहार चोख असूनही संशय उरतो. महाराष्ट्र ग्रामपंचायत कायद्यात यावर स्पष्ट तरतूद आहे : पंचायतीच्या कामात किंवा कंत्राटात प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष हितसंबंध असलेली व्यक्ती सदस्य म्हणून अपात्र ठरते. शाळेच्या समितीवरील व्यावसायिकानेही हाच दंडक स्वतःला लावून घेणे शहाणपणाचे. आपला संबंध असेल तो विषय आधी जाहीर करावा, त्या निर्णयापासून दूर राहावे आणि तशी नोंद इतिवृत्तात करून घ्यावी.

अधिकार किती?

शाळेच्या कामकाजावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर लक्ष ठेवणे ही समितीची कायद्याने ठरविलेली मुख्य कामे. मुले नियमित येतात का, शिक्षक वेळेवर हजर असतात का, पोषण आहाराचा दर्जा कसा आहे, हे पाहणे त्यातच येते. जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण वगळता शिक्षकांना अशैक्षणिक कामाला जुंपता येत नाही. त्यावरही समितीला बोट ठेवता येते.

मात्र नियमित शिक्षकांची नेमणूक आणि बदली समितीच्या हाती नाही, अभ्यासक्रमही नाही. तक्रार केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचा शिक्षण विभाग या क्रमाने पुढे न्यावी लागते. लेखी ठरावाला तेथे वजन असते. तोंडी गाऱ्हाण्याला नसते.

पणाला काय लागले आहे?

सिंधुदुर्गची लोकसंख्या २००१ मध्ये ८ लाख ६८ हजार ८२५ होती. २०११ मध्ये ती ८ लाख ४९ हजार ६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना या जिल्ह्याची घटली. चाकरमान्यांच्या या मुलखात वाड्या-वस्त्यांवरील शाळांचे पट रोडावले आहेत. दुसरीकडे, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांसाठी २०१२ च्या सुमारास स्वतंत्र झालेला कोकण विभाग दहावीच्या निकालात सातत्याने राज्यात अव्वल राहिला. निकाल उत्तम आणि शाळा मात्र ओस, असे हे विचित्र गणित आहे.

वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा उभारण्याचा विचार राज्य शासनाने २०२३ मध्ये पुढे आणला. १५ मार्च २०२४ च्या संचमान्यतेच्या निकषांनीही लहान शाळांतील शिक्षकसंख्येची चिंता वाढविली. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीसाठी साठपर्यंत पट असला तरी दोन शिक्षक अपेक्षित आहेत. तसेच राज्यात प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असा निकष आहे. खाडी, ओढे आणि मुसळधार पाऊस असलेल्या भागात नकाशावरचे अंतर आणि मुलाच्या पायाखालचे अंतर सारखे नसते. ही बाब आकडेवारीसह मांडणारा विकास आराखडा आणि ठराव करण्याचे काम समितीचे आहे.

खासगी शाळांत चिठ्ठीचा मार्ग

शहरातील वाचकांची मुले बहुधा विनाअनुदानित शाळांत असतात. कलम २१ तेथे लागू नाही. परंतु महाराष्ट्राच्या २०११ च्या शुल्क विनियमन कायद्यानुसार तेथे पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते आणि तिच्यावरील पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडले जातात. शाळेचा शुल्कवाढीचा प्रस्ताव प्रथम याच समितीसमोर यावा लागतो. येथे वक्तृत्व किंवा गोतावळा उपयोगी पडत नाही. नाव नोंदविणे मात्र आवश्यक असते.

जुना वारसा

शिक्षणाच्या कारभारात व्यावसायिकाने लक्ष घालणे ही महाराष्ट्रात आजची गोष्ट नाही. महात्मा जोतीराव फुले स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते आणि १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याची मागणी केली. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात ते मोफत आणि सक्तीचे केले. साऱ्या देशासाठी तसा कायदा अमलात येण्यास २०१० साल उजाडावे लागले.

त्या कायद्याने पालकांना दिलेली जागा आज अनेक गावांत कागदावर भरलेली आणि बैठकीत रिकामी दिसते. समितीवर जाऊ इच्छिणाऱ्या पालकाने पालकसभेची तारीख मुख्याध्यापकांकडून लेखी मागावी, मागील दोन वर्षांची इतिवृत्ते व खर्चाचा तपशील वाचावा, विकास आराखडा पाहावा आणि मगच आपले नाव सुचवावे. मासेमारी व पर्यटनाच्या गावांत बैठकीची वेळ होड्या किनाऱ्याला लागल्यानंतरची आणि पाहुण्यांची जेवणे उरकल्यानंतरची ठेवावी, असा पहिलाच ठराव केला, तरी उपस्थितीचा अर्धा प्रश्न सुटू शकेल.