असिस्टंट म्हणजे कोण?

बायकोने इथे अमेरिकेत कम्युनिटी कॉलेजात ऑक्युपेशनल थेरपी असिस्टंटच्या कोर्सला प्रवेश घेतला, तेव्हा कोल्हापूरहून आईचा पहिला प्रश्न आला, "असिस्टंट? म्हणजे कुणाच्या तरी हाताखालीच ना?" खोटं कशाला बोलू, माझ्यातल्या इंजिनिअरच्या मनातही तेच आलं होतं.

एका रात्री ती डावा हात पाठीमागे धरून, एकाच हाताने शर्टाची बटणं लावायचा सराव करत होती. मीही करून पाहिलं. वरचं बटण शेवटपर्यंत लागलं नाही. त्या रात्री मी या क्षेत्राचा इतिहास वाचायला घेतला.

मार्च 1917. न्यूयॉर्क राज्यातल्या क्लिफ्टन स्प्रिंग्ज गावी सहा जण जमले आणि त्यांनी ऑक्युपेशनल थेरपीची पहिली राष्ट्रीय संस्था स्थापन केली. सहांत डॉक्टर एकच, विल्यम रश डंटन. एलेनॉर क्लार्क स्लेगल समाजकार्यातून आलेल्या, सुझन जॉन्सन हस्तकलेच्या शिक्षिका, इझाबेल न्यूटन सेक्रेटरी. ज्यांच्या घरी बैठक झाली ते जॉर्ज बार्टन पेशाने आर्किटेक्ट आणि स्वतः रुग्ण. क्षयाने पोखरलेले, डावी बाजू लुळी पडलेली. सुतारकाम आणि बागकाम करत ते सावरले होते. म्हणजे हे शास्त्र उभं करणाऱ्यांपैकी बहुतेकांकडे वैद्यकीय पदवी नव्हतीच.

'असिस्टंट' हे पद आलं 1950च्या दशकाच्या अखेरीस. कारण सरळ होतं, रुग्ण खूप आणि थेरपिस्ट कमी. सुरुवातीचे कोर्स काही महिन्यांचे, मुख्यतः मानसोपचाराच्या कामासाठी. पुढे कम्युनिटी कॉलेजं गावोगाव पसरली आणि तिथे हे शिक्षण दोन वर्षांच्या डिग्रीत बसलं. आज थेरपिस्ट तपासणी करून योजना ठरवतो. पण रुग्णाशेजारी बसून दात घासणं, चमचा धरणं, बटण लावणं पुन्हा पुन्हा करून घेते ती बहुधा असिस्टंट. बायकोलाही शेवटी सोळा आठवडे प्रत्यक्ष रुग्णांसोबत काढायचे आहेत.

वाचता वाचता मी थेट परळला पोचलो. भारतात हे शिक्षण 1950 साली मुंबईच्या केईएम रुग्णालयात सुरू झालं. सुरू करणाऱ्या कमला निंबकर मूळच्या अमेरिकन, पूर्वाश्रमीच्या एलिझाबेथ लंडी. फलटणची 'कमला निंबकर बालभवन' शाळा त्यांच्याच नावाची.

इथे मी थांबलो. माझ्या आजोबांना पक्षाघात झाला तो 2009 साली. चालायचा व्यायाम त्यांना मिळाला. पण एका हाताने जेवायला शिकवणारं कुणी असतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आजीने तीन वर्षं त्यांना भरवलं. भरवताना आजोबा कधीच कुणाच्या नजरेला नजर देत नसत.

हे सगळं मी फोनवर आईला सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "सूनबाईला विचार, एका हाताने भाकरी कशी मोडायची, तेही शिकवतात का?"

"असिस्टंट" हा शब्द तिने पुन्हा उच्चारला नाही.