गुलमर्ग: सहकुटुंब स्कीइंगसाठी मुक्काम कोठे करावा?

काश्मीरमधील गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर, श्रीनगरपासून सुमारे ५० किलोमीटरवर आहे. मुक्कामासाठी श्रीनगर, तंगमर्ग व गुलमर्ग असे तीन पर्याय आहेत. तंगमर्गला खर्च तुलनेने कमी येतो. मात्र तेथून रोज सुमारे १३ किलोमीटरचा घाट चढावा लागतो. जोरदार हिमवृष्टीत चाकांना साखळ्या बांधलेल्या गाड्याच वर सोडल्या जातात, प्रसंगी रस्ताही बंद होतो. त्यामुळे मुले स्कीइंग शिकणार असतील, तर गुलमर्गमध्येच, नवशिक्यांच्या उताराजवळ राहणे श्रेयस्कर. वृद्ध सोबत असल्यास खोली रात्रभर उबदार ठेवण्याची सोय आहे का, हे आरक्षणापूर्वीच विचारावे. गोंडोलाचा दुसरा टप्पा सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. तेथील हवा विरळ असल्याने हृदयरुग्णांनी पहिल्या टप्प्यावरच थांबण्याचा विचार करून डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.