मेघनेच्या बेटांवरील प्रलय आणि सरकारी मदत

गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना या नद्यांचें पाणी एकत्र होऊन जेथें बंगालच्या उपसागरास मिळतें, तेथें गाळानें बनलेलीं कांहीं बेटें आहेत. दक्षिण शाहबाजपूर, हातिया आणि संद्वीप हीं त्यांतील प्रमुख होत. भूमि अशी सुपीक कीं, भाताचें पीक उदंड यावें; पण समुद्राच्या पातळीहून ती अवघी कांहीं हात उंच. ज्या पाण्यानें ही भूमि दिली, तेंच पाणी ती केव्हां परत मागेल याचा नेम नाहीं.

३१ ऑक्टोबर १८७६ च्या रात्रीं तसेंच घडलें. पौर्णिमेची भरती आणि भयंकर चक्रीवादळ एकाच वेळीं आलीं. लोक निजलेले असतांनाच समुद्राची लाट बेटांवर चालून आली; कांहीं ठिकाणीं तिची उंची ४० फुटांच्या घरांत होती असें सांगतात. बंगाल्यांतील रिवाजाप्रमाणें घराभोंवतीं नारळी-पोफळींची दाट झाडी असे. पाण्याबरोबर वर उचलले गेलेले लोक तिच्या फांद्यांत अडकले, ते वांचले. बाकीचे वाहून गेले. बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर सर रिचर्ड टेंपल यांनीं आपत्तीच्या टापूंतील सुमारें साडेदहा लाख लोकांपैकीं २,१५,००० माणसें एका रात्रींत दगावलीं असा अंदाज केला.

टेंपलसाहेब नोव्हेंबरांतच आगबोटीनें त्या भागांत फिरले. जेथें तेथें वांचलेले शेतकरी भिजलेलें धान्य उन्हांत वाळवीत बसलेले त्यांना दिसले. यावरून त्यांनीं असा निष्कर्ष काढला कीं, येथील रयत सुखवस्तु आहे, धान्य शिल्लक आहे आणि शेतांत पीक उभें आहे. तेव्हां सरकारनें मोठी मदत करण्याचें कारण नाहीं. थोडीशी तात्पुरती व्यवस्था झाली आणि बाकीचें लोकांच्या हिमतीवर सोडण्यांत आलें.

या निर्णयाचें मूळ दोन वर्षें मागें होतें. १८७४ च्या बिहार-बंगालच्या दुष्काळांत याच टेंपलसाहेबांनीं ब्रह्मदेशांतून तांदूळ आणवून सढळ हातानें वांटला होता. भूकबळी फारसे पडले नाहींत. पण त्याबद्दल शाबासकी मिळण्याऐवजीं उधळपट्टीचा ठपका मात्र पदरीं आला. दुधानें तोंड पोळलेला मनुष्य ताकही फुंकून पितो, तशी त्यांची अवस्था झाली असल्यास नवल नाहीं.

परंतु धान्य शिल्लक आहे एवढ्यानें मनुष्य जगत नाहीं. गांवोगांवचीं पिण्याच्या पाण्याचीं तळीं समुद्राच्या पाण्यानें खारट झालीं होतीं आणि त्यांत माणसांचीं व गुरांचीं प्रेतें कुजत पडलीं होतीं. दुसरें पाणी नव्हतें. तेंच लोक प्याले. लवकरच पटकीची सांथ पसरली आणि आणखी सुमारें एक लाख माणसें तिनें नेलीं असा अंदाज आहे. पटकीचे जंतु कलकत्त्याच्या तळ्यांतील पाण्यांत कोख या जर्मन शास्त्रज्ञानें १८८४ मध्यें दाखविले. १८७६ सालीं तें ज्ञान नव्हतें हें खरें. तरी सडलेलें पाणी पिऊं नये, प्रेतांची विल्हेवाट लावावी आणि वैद्य पाठवावेत, एवढें कळण्यास जंतूंच्या ज्ञानाची गरज नव्हती. वादळ थोपविणें कोणाच्याही हातीं नव्हतें. सांथीची गोष्ट तशी नव्हती.

या हकीकतीचा महाराष्ट्राशीं संबंध दोन वाटांनीं येतो. १८७७ च्या जानेवारींत टेंपलसाहेबांना मद्रास व मुंबई इलाख्यांतील दुष्काळाच्या पाहणीसाठीं पाठविण्यांत आलें. तेथेंही काटकसरीचेंच धोरण चालून दुष्काळी कामांवरील मजुराची रोजी एक पौंड धान्य व वर थोडे पैसे इतकी खालीं आली. पुण्याच्या सार्वजनिक सभेनें तिच्याविरुद्ध अर्जांवर अर्ज केले आणि मजुरांनीं कामें सोडलीं. त्याच वर्षीं टेंपलसाहेब मुंबईचे गव्हर्नर झाले.

दुसरी वाट रमेशचंद्र दत्त यांची. त्या आपत्तीनंतर दक्षिण शाहबाजपूरची व्यवस्था पाहण्यास हा तरुण सनदी अधिकारी नेमला गेला होता. रयतेचें दुःख त्यांनीं तेथें जवळून पाहिलें. पुढें हिंदुस्थानचा आर्थिक इतिहास लिहून सरकारच्या करपद्धतीची चिकित्सा करणारे दत्त ते हेच. १९०४ पासून त्यांनीं बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या पदरीं महसूलमंत्री म्हणून काम केलें. १९०९ मध्यें ते दिवाण झाले आणि त्याच वर्षीं बडोद्यासच निवर्तले.

दक्षिण शाहबाजपूरचें पुढचें नांव भोला. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्रीं, पुन्हां पौर्णिमेच्याच सुमारास, तेथें तशीच लाट आली आणि तीन ते पांच लाख लोक मेले. या वेळीं राज्य पाकिस्तानचें होतें. पण मदतीची दिरंगाई जुनीच होती. डिसेंबरांतील निवडणुकींत पूर्व बंगालच्या जनतेनें त्याचा जाब मागितला. मुजिबुर रहमान यांच्या पक्षाला तेथील जवळजवळ सर्व जागा मिळाल्या आणि १९७१ अखेर बांगलादेश स्वतंत्र झाला. त्याला कारणें अनेक होतीं. पण समुद्रानें बुडविलेलीं हीं बेटें त्यांतील एक होतीं यांत शंका नाहीं. नव्या राज्यानें गांवोगांव स्वयंसेवक नेमून आगाऊ सूचना देण्याची योजना सुरू केली आणि पुढें उंच आश्रयगृहें बांधलीं. २००७ च्या मोठ्या वादळांत मृतांची संख्या लाखांवरून हजारांवर आली, ती या तयारीमुळें.

खजिन्यांतून किती रुपये वांचले, याचा हिशेब कागदावर सहज मांडतां येतो. पण उन्हांत वाळत घातलेलें धान्य पाहून समाधान मानणाऱ्या अधिकाऱ्यानें शेजारच्या तळ्याकडेही एकदां पाहिलें असतें, तर त्या हिशेबांत लाखभर माणसांची भर पडली नसती.