कुलाब्याचे अफगाण चर्च

मुंबईत कुलाब्याच्या टोकाकडे जाऊ लागले म्हणजे अफगाण चर्च लागते. नाव ऐकून नवख्या माणसाला वाटावे की हे अफगाणांनी बांधले असेल, निदान त्यांच्यासाठी तरी बांधले असेल. यांतले काहीच खरे नाही. कागदोपत्री हे संत योहानाचे अँग्लिकन चर्च. पण ज्या मुलुखात इंग्रजांची फटफजिती झाली, त्या मुलुखाचेच नाव लोकांनी त्यांच्या देवळाला चिकटवून टाकले, आणि ते आजवर निघालेले नाही.

१८३८ साली शाह शुजाला काबूलच्या तख्तावर बसविण्याचा घाट कंपनी सरकारने घातला. पुढच्या वर्षी तो बसलाही. परंतु जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे ४,५०० सैनिक आणि त्यांच्या मागचे बाराएक हजार बुणगे बर्फात व खिंडींत संपले. ती फौज मुख्यतः बंगालची. मुंबईची फौज त्याआधी सर जॉन कीन यांच्या हाताखाली सिंधमार्गे कंदाहार-गझनीपर्यंत जाऊन आली होती, आणि १८४३ साली मियाणीच्या लढाईत सिंध घेताना तीच पुढे होती. या मुंबई फौजेत कोकणी शिपायांचा मोठा भरणा असे. म्हणून शिरोड्याच्या माणसाने या चर्चविषयी लिहावे, यात कोणाला नवल वाटू नये.

मृतांच्या स्मारकासाठी वर्गणी जमली आणि ४ डिसेंबर १८४७ रोजी पायाचा दगड बसला. आराखडा हेन्री कॉनिबेअर यांचा. मुंबईला विहार तलावाचे पाणी मिळाले, त्या योजनेचे जनकही हेच. गॉथिक पद्धतीची टोकदार कमान मुंबईत चांगली रुजली. विद्यापीठ, हायकोर्ट, बोरीबंदर ही सारी तिची पुढची वंशावळ. इमारतीला दर्शनी दगड कुर्ल्याचा, खांब आणि कमानी पोरबंदरच्या दगडाच्या, छप्पर सागवानी. म्हणजे कल्पना विलायती, हाडमांस इथले.

जागा देताना सरकारने अट घातली होती, की शिखर उंच असावे आणि बंदरात येणाऱ्या गलबतांना ते दिसावे. देवाच्या घराकडून दीपस्तंभाचेही काम करून घ्यावे, हा हिशेबी स्वभाव मला तरी आवडतो. शिखर १९८ फूट उंच आहे. ते १० जून १८६५ रोजी पुरे झाले. एकूण खर्च ५,६५,००० रुपयांवर गेला. त्यात कावसजी जहांगीर रेडीमनी या पारशी गृहस्थाचे ७,५०० रुपये होते. वेंगुर्ल्याहून आगबोटीने पोटासाठी मुंबईला जाणारी आमची आजोबांची पिढी कुलाब्याला वळसा घालूनच धक्क्याला लागे. ती बोट बंद झाली, शिखर आहे.

आत शिरल्यावर पहिल्यांदा जाणवते ती उंची आणि मग शांतता. आपल्या देवळाची भाषा वापरायची तर मधले लांबट दालन हा सभामंडप, त्याच्या दोन्ही अंगांना खांबांपलीकडे पडव्या, आणि पूर्वेला गाभारा. हा गाभारा ५० फूट लांब व २७ फूट रुंद आहे. आपला गाभारा अंधारा असतो. देव समईच्या उजेडात बघावयाचा असतो. इथे उलट आहे. वेदीच्या मागे मोठी रंगीत काचेची खिडकी, आणि तशीच पश्चिमेला. दोन्ही विल्यम वेल्स यांची. सकाळची उन्हे त्या काचांतून आत येतात ती रंग घेऊनच. अंतर्भागाची सजावट विल्यम बटरफील्ड या वास्तुकाराची. भौमितिक नक्षीच्या त्याच्या फरश्या इंग्लंडहून आणून बसवल्या. तांबड्या-पिवळ्या त्या फरशीवर पाय टाकताना रांगोळी पुसली जाईल की काय, असे वाटते. मनोऱ्यातल्या आठ घंटा मात्र पुष्कळ उशिरा, १९०४ साली, टेलर यांच्या ओतशाळेतून आल्या.

७ जानेवारी १८५८ रोजी बिशप हार्डिंग यांनी चर्चचे पवित्रीकरण केले. तारीख लक्षात घ्यावी. उत्तरेत अजून बंड धुमसत होते, आणि याच मुंबई फौजेतली २७ वी पलटण पाचच महिन्यांपूर्वी कोल्हापुरात उठली होती.

भिंतीवरच्या लेखात अधिकाऱ्यांची नावे कोरली आहेत. त्यांच्याखाली मजकूर आहे, त्याचा भावार्थ असा: वर ज्यांची नावे आहेत त्या अधिकाऱ्यांच्या, आणि ज्यांची नावे अशी लिहावीत तर ती फारच होतील, त्या हुद्देदार व शिपायांच्या स्मरणार्थ हे चर्च बांधले. मृत्यूची कारणे सांगताना आजार आधी येतो, तलवार मागून. एवढा प्रामाणिकपणा राज्यकर्त्यांच्या शिळेवर क्वचित सापडतो. आणि न्यायाने हेही म्हटले पाहिजे की, या अनामिकांत गोरा शिपाईही आहे. पंक्तिभेद इथे रंगाआधी हुद्द्याचा आहे.

तरीही ‘फारच होतील’ हे कारण मला पटत नाही. साडेपाच लाख रुपये ज्या इमारतीवर खर्च झाले, तिच्या भिंती काही अपुऱ्या नव्हत्या. आणि शिपायाची नावे दगडावर कोरण्याची रीत याच मुंबई फौजेला ठाऊक नव्हती असेही नाही. पुण्याजवळ भीमा नदीकाठी कोरेगावचा स्तंभ आहे. त्याची पायाभरणी १८२१ सालची. तिथे मेलेल्या देशी शिपायांची नावे एकाखाली एक कोरली आहेत, आणि त्यांतली कितीतरी ‘नाक’ या अक्षरांनी संपतात. आमच्या कोकणच्या महारवाड्यांतून पलटणीत गेलेल्या पुरुषांची नावे अशीच असत.