उंदराचा पिंजरा आणि प्लेगचे कोडे (थ्रेड)

जून १८९८. कराचीत एक फ्रेंच लष्करी डॉक्टर दोन उंदरांसाठी घर रचत होता. त्याची अट विचित्र होती: दोघे शेजारी राहावेत, पण एकमेकांना स्पर्श होता कामा नये. डॉक्टरचे नाव पोल-लुई सिमाँ.

त्या घराचे महत्त्व कळण्यासाठी दोन वर्षे मागे जावे लागते. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग उघडकीस आला. रोगाचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँगला येरसँ यांना सापडला होता. परंतु तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. कोणी मातीला दोष देई, कोणी हवेला, कोणी धान्याच्या गोण्यांना, तर कोणी रुग्णाच्या कपड्यांना.

या अज्ञानाची किंमत सामान्य माणसाने मोजली. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग कायदा आला. घरझडत्या झाल्या, सामानसुमान जाळले गेले, घरे जंतुनाशकांनी धुतली गेली, माणसे घरातून उचलून छावण्यांत नेली गेली. पुण्यातील संतापाची परिणती २२ जून १८९७ रोजी रँडवर झाडलेल्या गोळीत झाली. एवढ्या कठोर उपायांमागे रोगाच्या प्रसाराचे सिद्ध झालेले ज्ञान मात्र नव्हते.

सिमाँला काही रुग्णांच्या अंगावर, विशेषतः पायांवर, बारीकसा फोड दिसला होता. त्यातील द्रवात प्लेगचे जंतू होते. हा कीटकाच्या दंशाचा व्रण असावा आणि तो कीटक उंदरावरची पिसू असावी, असा त्याचा तर्क होता. तर्क सिद्ध करायचा तर आजारी आणि निरोगी उंदीर जवळ ठेवूनही अलग राखायला हवे होते.

इथेच पिंजऱ्याचा प्रश्न उभा राहतो. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कुरतडणे ही त्याची शारीरिक गरज असते. लाकडी खोके तो रात्रीतून पोखरतो, मातीच्या भिंतीत वाट काढतो, शिशाच्या नळ्याही त्याच्या दातांपुढे टिकत नाहीत. टिकते ती काच, कारण गुळगुळीत पृष्ठभागावर दात रोवायला कडा मिळत नाही; आणि टिकते लोखंडी जाळी. प्रयोगाच्या मध्यावर पिंजरा कुरतडला गेला असता, तर स्पर्श झाला की नाही हा वाद कधीच मिटला नसता.

सिमाँचे साहित्य साधेच होते. एक मोठी काचेची बरणी, तळाशी वाळू, तोंडावर बारीक जाळी. प्लेगग्रस्ताच्या घरात सापडलेला आजारी उंदीर त्यात सोडला. पिसवा कमी पडू नयेत म्हणून एका मांजरीच्या अंगावरच्या पिसवाही त्यात टाकल्या. मग निरोगी उंदराचा छोटा लोखंडी पिंजरा वाळूच्या वर टांगला. जाळीची भोके सुमारे ६ मिलिमीटरची होती. त्यातून उंदीर जाऊ शकत नाही, पिसू मात्र सहज उडी मारते. सगळा प्रयोग त्या ६ मिलिमीटरवर उभा होता.

आजारी उंदीर दुसऱ्या दिवशी मेला. काही दिवसांनी वरच्या पिंजऱ्यातला निरोगी उंदीरही हालचाल करीनासा झाला आणि मेला. त्याच्या शरीरात प्लेगच्या गाठी आणि जंतू सापडले.

सिमाँने हे १८९८ मध्येच प्रसिद्ध केले. जगाने ते स्वीकारले मात्र नाही. १८९८–९९ च्या सरकारी प्लेग आयोगाला त्याचा पुरावा अपुरा वाटला. आयोगाला केवळ हटवादी म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण इतरांना हा प्रयोग पुन्हा करताना यश आले नव्हते. पण या नकाराने कित्येक वर्षे वाया गेली, हेही खरेच.

कोडे पुढे सुटत गेले ते मुंबईत. ग्लेन लिस्टन या डॉक्टरने उंदरांच्या पिसवा पकडण्यासाठी गिनिपिगच सापळा म्हणून वापरले. त्याचा प्लेग, उंदीर आणि पिसवा यांवरील लेख १९०५ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आला. त्याच वर्षी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमधील प्रयोगशाळेत नव्या आयोगाचे काम सुरू झाले.

या आयोगाने सिमाँची बरणी माणसाच्या घराएवढी केली. सहा झोपड्या बांधल्या: दोनांवर देशी कौले, दोनांवर मंगळुरी कौले, दोनांवर पन्हळी पत्रे. देशी कौलांच्या पोकळीत उंदीर आनंदाने बिऱ्हाड थाटतात, मंगळुरी कौलांत त्यामानाने कमी, आणि पत्र्याखाली त्यांना आसराच मिळत नाही. छपराखाली आडवी तारेची जाळी ताणली होती. उंदीर वा त्याची विष्ठा खाली पडणार नाही, पिसू पडेल. कल्पना कराचीचीच, फक्त आकार बदललेला.

खाली आजारी आणि निरोगी प्राणी एकत्र सोडले गेले. जमीन मुद्दाम झाडली नाही, मलमूत्र तसेच राहू दिले. पिसवा नसलेल्या झोपडीत निरोगी प्राणी निरोगीच राहिले. आजारी आईचे दूध पिणारी पिल्लेसुद्धा. पिसवा सोडल्या की साथ सुरू होई. पिंजरे वेगवेगळ्या उंचीवर टांगूनही पाहिले गेले. जमिनीपासून दोन इंचांवरच्या प्राण्याला रोग झाला, दोन फुटांवरच्याला झाला नाही. पिसूची उडी तितकी उंच जात नाही. हवा आणि माती, दोन्ही आरोपी अशा रीतीने सुटले.

प्रयोगासाठी उंदीर निवडणेही सोपे नव्हते. वर्षानुवर्षे प्लेग सोसलेले मुंबईचे उंदीर रोगाला बऱ्यापैकी दाद देत नव्हते. प्लेगपासून जवळजवळ मुक्त राहिलेल्या मद्रासचे उंदीर मात्र पटकन बळी पडत.

या निष्कर्षानंतर प्रश्न उलटा झाला: उंदीर आत ठेवायचा नाही, बाहेर ठेवायचा. जावा बेटावर १९११ मध्ये प्लेग शिरला, तेव्हा तिथल्या घरांच्या पोकळ बांबूंमध्ये उंदरांची घरटी सापडली. डच सरकारने बांबूच्या जागी लाकूड आणि गवताच्या जागी कौले घालायला लावली. पुढच्या काही दशकांत १५ लाखांहून अधिक घरे अशी बदलली गेली. त्यासाठी सरकार आगाऊ रक्कम देई आणि ती शेतकरी कुटुंबांकडून हप्त्याहप्त्याने वसूल करी.