चार पायऱ्यांचा इतिहास

वर्धापन दिनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असे मंडळाच्या कार्यकर्त्यांनी सांगितले, तेव्हा विहाराच्या उभारणीचा इतिहास लिहावा असे मनात होते. पण तो जाणत्या मंडळींनीच लिहिलेला बरा. मी विहाराच्या दारातल्या फक्त चार पायऱ्यांबद्दल लिहिणार आहे.

विहार बांधताना वस्तीतल्या इतर बायांबरोबर माझ्या आईनेही विटा वाहिल्या. पुढे तिला अर्धांगवायूचा झटका आला. त्यानंतर पाच वर्षे ती दर पौर्णिमेला वंदनेला यायची, पण पायऱ्यांच्या खाली, आपण चपला काढतो तिथे खुर्ची टाकून बसायची. कर्ण्यावरून वंदना ऐकायची, हात जोडायची. तिला कुणी अडवले नव्हते. उलट, तरुण पोरे उचलून आत न्यायला तयार असायची. ती म्हणायची, "नको रे बाबा, पोत्यासारखं उचलून नेऊ नका मला." आज आई नाही. पण स्वतः वाहिलेल्या विटांच्या बाहेर ती पाच वर्षे बसली, हे माझ्या मनातून जात नाही.

बाहेर ठेवले जाणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला सांगावे लागत नाही. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. १९२४ साली महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळे खुले असल्याचे ठरवले. कागदावर तळे खुले झाले, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. शेवटी २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले, तेव्हा ते पाणी ओंजळीत आले. ठरावापासून ओंजळीपर्यंत चार वर्षे गेली. त्यानंतरही कोर्टकचेरी चालली आणि हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागायला १७ मार्च १९३७ उजाडले.

विहाराच्या पायऱ्यांची आणि तळ्याची मी बरोबरी करतो आहे, असे कुणी समजू नये. तिथे द्वेष होता, इथे आपला विसर आहे. परंतु कागद आणि दार यांच्यातले अंतर दोन्हीकडे सारखेच आहे. अमेरिकेतल्या अपंगांनाही ते अंतर तुडवावे लागले. तिथे १९७३ साली कायदा झाला. त्याच्या ५०४ व्या कलमात म्हटले होते की, केंद्र सरकारचा पैसा घेणाऱ्या संस्थेने अपंग म्हणून कुणाला वगळू नये. पण कायदा अमलात आणणाऱ्या नियमांवर मंत्र्यांची सहीच होईना. इथेही चार वर्षे गेली.

५ एप्रिल १९७७ रोजी अपंग माणसांनी अनेक शहरांत सरकारी कचेऱ्यांवर मोर्चे नेले. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे दीडशे जण कचेरीत शिरले आणि तिथेच ठाण मांडून बसले. त्यात चाकाच्या खुर्चीवरचे होते, आंधळे होते, बहिरे होते. त्यांच्या पुढाऱ्यांपैकी एक ज्युडी ह्यूमन. लहानपणी पोलिओ झालेली ही मुलगी. चाकाच्या खुर्चीमुळे आग लागल्यास धोका होईल, असे कारण सांगून तिला शाळेत घेतले नव्हते. कचेरीतले टेलिफोन बंद केले गेले, तेव्हा बहिऱ्या कार्यकर्त्यांनी खिडकीतून हातांच्या खुणांनी बाहेर निरोप पोचवले.

इतक्या माणसांना जेवण कोण देणार? ते आणले ब्लॅक पँथरच्या कार्यकर्त्यांनी, रोज, गरमागरम. त्यांचा एक साथी ब्रॅड लोमॅक्स स्वतः चाकाच्या खुर्चीवर होता आणि आत बसलेल्यांत होता. याच ब्लॅक पँथरच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली होती. रंगावरून बाहेर ठेवलेल्यांनी पायांवरून बाहेर ठेवलेल्यांना घास भरवला, हे आपल्या मुलांना मुद्दाम सांगावे असे आहे. २८ एप्रिलला मंत्र्यांनी सही केली आणि ३० एप्रिलला ही माणसे विजयी होऊन बाहेर पडली.

आता आपल्या देशाकडे वळू. १९९५ च्या डिसेंबरात जावेद अबिदी यांच्यासारख्या कार्यकर्त्यांनी दिल्लीत मोर्चा काढला आणि त्याच महिन्यात संसदेत अपंगांसाठीचा कायदा मंजूर झाला. अबिदी स्वतः चाकाची खुर्ची वापरत. तरीही २००१ साली जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग दिल्लीत यायचे ठरले, तेव्हा कुठे कुतुबमिनारसारख्या वास्तूंना घाईघाईने लाकडी उतार लागले. पाहुण्यासाठी एका दिवसात होते ते घरच्यांसाठी वर्षानुवर्षे होत नाही!

पुढे २०१६ साली नवा कायदा आला. अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस झाले. सरकार आता दिव्यांग म्हणते. नाव बदलले, पायरी तशीच राहिली. या कायद्याने सार्वजनिक इमारत कशाला म्हणायचे ते सांगताना धार्मिक वापराच्या इमारतीही धरल्या आहेत. म्हणजे आपला विहारही त्यात आला. जुन्या इमारती सुधारायला नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती, ती २०२२ साली संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सुप्रीम कोर्टाने सांगितले की, या बाबतीत नुसत्या शिफारशी चालणार नाहीत, सक्तीचे नियम करा.

बंधु-भगिनींनो, कोर्टाने बोट दाखवायची वाट आपण कशाला पाहायची? हिशेब साधा आहे. पायरी एक इंच उंच असेल तर उतार बारा इंच लांब हवा. आपल्या चार पायऱ्या सहा-सहा इंचांच्या, म्हणजे उंची दोन फूट. चोवीस फूट लांबीचा उतार भिंतीच्या कडेने आरामात बसतो. त्याला दोन्ही बाजूंनी कठडा हवा. दार तीन फूट रुंद हवे, म्हणजे खुर्ची आत जाते. पायऱ्यांच्या कडांना पिवळा पट्टा मारला की कमी दिसणाऱ्याला पायरी कळते. संडासाचे दार रुंद करून आत धरायला दांडी बसवावी. ऐकू न येणाऱ्याला पुढच्या रांगेत, बोलणाऱ्याचे ओठ दिसतील असे बसवावे. आणि हे करताना आपल्या वस्तीतल्या अपंग माणसांना, म्हाताऱ्यांना आधी विचारावे. त्यांची अडचण त्यांच्याइतकी कुणाला कळणार?

विहारात नुसती वंदना होत नाही. मुलांचा अभ्यासवर्ग, लग्नाची बोलणी, जयंतीची बैठक, सगळे तिथेच होते. जो पायऱ्यांखाली राहिला, तो या सगळ्यांतून राहिला. पुढच्या वर्धापन दिनाला विहाराच्या दारात आपल्या चपला असाव्यात, पण त्यांच्या शेजारी कुणाची खुर्ची नसावी, एवढेच या निमित्ताने मागणे आहे.

जयभीम!